साठवणीचे धान्य आणि राखणीचे हात

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला म्हणजे तिचे 'पेव फुटले' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्यावरून हा वाक्प्रचार आला ते पेव आता बहुतेकांच्या पाहण्यात नाही. पेव म्हणजे धान्य साठविण्याचे भुईतले कोठार. उंचवट्यावरची, पाणी न धरणारी जागा पाहून मुरमात खड्डा खणीत. त्याचे तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद आणि पोट रुंद असे. तळाला व कडांना काडाचा थर देऊन आत ज्वारी ओतीत, वर पुन्हा काड घालून तोंडावर दगड बसवीत आणि तो मातीने लिंपून टाकीत. असे झाकलेले धान्य वर्षानुवर्षे राही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या चालली होती. २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली.

या पेवाला कीड का लागत नसे, हा प्रश्न आम्ही आज श्रोत्यांपुढे प्रथम ठेवतो. आम्ही हमाल, मापाडी, तोलणार यांच्या संघटनेचे काम करणारे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गोदामाच्या ओट्यावर फार झाले. ज्या धान्याच्या थप्प्यांखाली आमच्या लोकांचे आयुष्य गेले, त्या धान्याच्या शत्रूचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा, या इच्छेने आम्ही मिळेल ते वाचीत गेलो. त्या वाचनातून आमच्या मनात एक विचार पक्का झाला आहे आणि तोच आज मांडावयाचा आहे. तो असा की, धान्यातील किडीचा पहिला पत्ता नेहमी धान्य हाताळणाऱ्याला लागतो. आणि ज्या ज्या वेळी त्याचे डोळे व हात व्यवस्थेबाहेर ठेवले गेले, त्या त्या वेळी त्यांची जागा विषाने घेतली.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. आपल्याकडे 'सोंडे' या एकाच नावाखाली पुष्कळ किडे खपतात. खरा सोंडा तांदूळ, गहू, ज्वारी, मका यांत असतो. त्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने ते भोक बुजवून टाकते. तिच्या आयुष्यात अशी तीनशेच्या आसपास अंडी होतात. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोशात जाते आणि उष्ण दिवसांत सुमारे महिन्याभराने भुंगेरा होऊन दाणा फोडून बाहेर पडते. तोवर दाणा वरून पाहता निरोगी दिसतो. दुसरा शत्रू म्हणजे दाणे पोखरणारा बारीक तपकिरी भुंगेरा. तिसरा पिठात, रव्यात व फुटक्या दाण्यांत माजणारा तांबूस भुंगेरा. कडधान्यात भुंग्याची अंडी दाण्याच्या सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. या सगळ्यांत वाईट तो खपरा. त्याची केसाळ अळी भिंतीच्या भेगेत आणि पोत्याच्या शिवणीत दडून बसते आणि खायला नसले तरी महिनेच्या महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, जिवंत राहते.

आता पेवाकडे वळू. दाणा सजीव आहे आणि किडाही सजीव आहे. दोघेही श्वास घेतात. तोंड बंद केलेल्या पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्बवायू साठतो. प्राणवायू शेकडा दोनतीन भागांवर आला म्हणजे किडा तग धरीत नाही. कुणब्याला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याचा परिणाम पुरता ठाऊक होता. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी वारा खेळू देत आणि मग कंदील दोरीने खाली सोडून पाहत. कंदील विझला तर माणसाने उतरावयाचे नाही. हा नियम ज्यांनी मोडला त्यांतले काही पेवातच गुदमरून मेले. किडीला मारणारी हवा माणसालाही मारते, ही या इतिहासातली पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती वारंवार येणार आहे.

घरातल्या कणगीची तऱ्हा निराळी. कणगी पेवासारखी हवाबंद नसते. तिची राखण घरच्या बाईच्या हाती असे. याच दिवसांत, चैत्र-वैशाखात, धान्य अंगणात पसरून कडक उन्हात वाळवीत. दातांखाली दाणा कटकन फुटला म्हणजे तो भरण्याजोगा झाला. आज शास्त्र सांगते की दाण्यातील ओलावा शेकडा बाराच्या खाली गेला की कीड मंदावते आणि दहाच्या खाली सोंड्याची वाढ जवळजवळ थांबते. डाळीला एरंडेल चोळीत. त्या तेलाच्या पातळ थराने दाण्यावरच्या अंड्याचा श्वास कोंडतो. कडधान्यात राख मिसळीत, तुरीला लाल माती लावीत. त्याचे मर्म १९४० नंतर इंग्लंडात विगल्सवर्थ या शास्त्रज्ञाने उलगडले. किड्याच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. बारीक, खरखरीत भुकटीने तो खरवडला गेला की अंगातले पाणी उडून किडा वाळून मरतो. या सगळ्या उपायांच्या जोडीला रोजचे पाहणे असे. दळणासाठी धान्य काढताना हात कणगीत कोपरापर्यंत जाई. आत ऊब लागली, बोटांना पीठ लागले, कुबट वास आला की त्याच दिवशी धान्य बाहेर निघे, सुपात पाखडले जाई आणि चाळणीखाली जाई. कीड शोधण्याचे हे काम रोज आणि बिनपगारी होत होते. म्हणूनच त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणत नाही. पावसाचे पाणी पेवात झिरपले तर अख्खे पेव कुजे. गरिबाच्या घरी कणगी भरण्याइतके धान्यच नसे. पण राखण करणारा आणि खाणारा एकाच घरातला होता. हा धागा पुढे तुटला, आणि तो कसा तुटला हा इतिहासाचा भाग आहे.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७३ मध्ये गव्हावरील निर्यात-जकात उठली. मुंबई आणि कराची बंदरांतून हिंदी गहू विलायतेला जाऊ लागला. आता धान्य घरातून खळ्यावर, तेथून अडत्याकडे, मग रेल्वेच्या वाघिणीत, बंदराच्या वखारीत आणि शेवटी जहाजाच्या तळात जाऊ लागले. प्रत्येक टप्प्यावर धनी बदले. ज्याच्या हाती पोते दोनच दिवस राहावयाचे, त्याला आतल्या अळीची काय पर्वा? विलायतेच्या बाजारात हिंदी गव्हाची मातीमिश्रित, सोंडे लागलेला अशी अपकीर्ती झाली. मग सरकार जागे झाले. पंजाबात, लायलपूर येथे बार्न्स आणि ग्रोव्ह यांनी साठवणीच्या गव्हावरील किडींचा अभ्यास करून १९१६ साली तो प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, लंडनच्या रॉयल सोसायटीने धान्यकिडींसाठी एक समिती नेमली. जहाजे मिळत नसल्याने ऑस्ट्रेलियात ब्रिटिश सरकारने घेतलेला गहू बंदरांवर थप्प्यांनी पडून राहिला आणि सोंड्यांनी व उंदरांनी तो फस्त करावयास आरंभ केला होता. समितीच्या कामात प्राध्यापक डेंडी आणि एल्किंग्टन यांनी हवाबंद भांड्यांत धान्य व किडे ठेवून प्रयोग केले. धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासानेच आतला प्राणवायू संपून किडे मरतात, असे त्यांनी दाखविले. सोलापूरकडच्या कुणब्याने कंदील खाली सोडून जे जाणले होते, ते लंडनच्या प्रयोगशाळेत आकड्यांनी सिद्ध झाले. यात कुणब्याचा मोठेपणा सांगून शास्त्राला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. कुणब्याचे ज्ञान त्याच्या पेवापुरते होते. शास्त्राने ते कोणालाही, कोठेही वापरता येईल असे केले. हा उपकार लहान नव्हे.

परंतु शास्त्राची दुसरी वाटही याच सुमारास रुंद होत होती. ती विषारी धुरीची. मॅक्सवेल-लेफ्रॉय नावाचे कीटकशास्त्रज्ञ बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीत होते. हिंदी कीटकांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ साली निघाला. पुढे लंडनला परतल्यावर किडे मारण्यासाठी ते वायूंचे प्रयोग करीत होते. ऑक्टोबर १९२५ मध्ये अशाच एका वायूने स्वतःच्या प्रयोगशाळेत ते बेशुद्ध पडले आणि काही दिवसांत वारले. ज्याला या विद्येची सर्वांत जास्त जाण होती त्याची ही गत झाली. मग ज्याला बाटलीवरची चिठ्ठीही वाचता येत नाही अशा रोजंदारीच्या मजुराच्या हाती तेच काम देताना किती सावधगिरी हवी!

दुसऱ्या महायुद्धाने आपल्या देशात धान्याचे कोठार पुन्हा राज्यकर्त्यांच्या दारी आणले. पन्हाळगडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही पाहावयास मिळतात. वेढ्यात तग धरावयाचा तर धान्य टिकले पाहिजे, हे त्या काळी किल्लेदाराला सांगावे लागत नव्हते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशन सुरू झाले आणि सरकार धान्याचा मोठा साठेदार बनले. १९५६ पासून अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू येऊ लागला, १९५७ साली मध्यवर्ती वखार महामंडळ निघाले आणि १९६५ च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ. थप्पी आता लाखो पोत्यांची झाली.

या साठ्यात किडीने किती खाल्ले? डॉ. पानसे यांच्या अध्यक्षतेखाली १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमलेल्या समितीने जो अंदाज दिला तो आजही उद्धृत केला जातो. कापणीनंतरच्या एकूण ९.३३ टक्के नुकसानीपैकी ६.५८ टक्के साठवणीत होते. त्यात किडींचा वाटा २.५५ आणि उंदरांचा २.५० टक्के. अडीच टक्के म्हणजे फारसे नाही असे वाटेल. पण १९७०-७१ साली देशात साडेदहा कोटी टनांहून अधिक धान्य पिकले होते. त्याचे अडीच टक्के म्हणजे पंचवीस लाख टनांहून अधिक. शिवाय कीड दाण्यातला सत्त्वाचा भाग आधी खाते. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीत वजन पुरे पडले तरी अन्न पुरे पडत नाही.

उपाय म्हणून औषधे आली. डीडीटी आले, बीएचसीची भुकटी आली, मॅलॅथिऑनचा फवारा आला. धुरीसाठी मिथिल ब्रोमाइड, इथिलीन डायब्रोमाइड आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आल्या. त्यांनी धान्य वाचविले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९५३ साली कॅलिफोर्नियात खपरा सापडला, तेव्हा अमेरिकेने गोदामेच्या गोदामे ताडपत्र्यांनी गुंडाळून मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली आणि दशकाहून अधिक काळ खर्चून त्याचा नायनाट केला. दुसऱ्या कोणत्याही उपायाने ते इतक्या लवकर झाले नसते.

पण या औषधांचा पुढचा इतिहासही वाचावा. इथिलीन डायब्रोमाइड कर्करोगाला कारण होते म्हणून अमेरिकेने १९८४ साली धान्यासाठी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे बीएचसी १९९७ साली बंद झाले. मिथिल ब्रोमाइड आकाशातील ओझोनचा थर विरळ करते म्हणून माँट्रियल कराराखाली प्रगत देशांनी ते २००५ पर्यंत आणि इतरांनी २०१५ पर्यंत सोडावयाचे ठरले. निर्यातीपूर्वीच्या व विलगीकरणाच्या धुरीपुरती सवलत राहिली. उरला फॉस्फीन. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतल्या ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फीन वायू निघतो. आच्छादन घट्ट असेल आणि ते पाच ते सात दिवस राहिले, तर दाण्याच्या आतली अळीदेखील मरते. आच्छादन फाटके असेल, कडेचे वाळूचे साप नीट बसवले नसतील, किंवा ट्रक दाराशी आला म्हणून तिसऱ्याच दिवशी ते ओढले गेले, तर दुबळे किडे मरतात आणि चिवट उरतात. चिवटांची पिलावळ चिवट निपजते. अन्न आणि शेती संघटनेने १९७२-७३ साली अनेक देशांतून किडे गोळा करून तपासले, तेव्हाच फॉस्फीनला दाद न देणारे किडे आढळले होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले, आणि आपला देशही त्याला अपवाद नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. धुरी फसते ती बहुधा औषधाच्या दोषाने नव्हे. ती घाईने आणि काटकसरीने फसते. आणि धुरी गळते तेव्हा तो वायू जातो कोठे? शेजारच्या थप्पीवर चढलेल्या हमालाच्या छातीत.

१९५८ साली केरळात एक भयंकर घटना घडली. जहाजातून आलेल्या पिठाच्या व साखरेच्या पोत्यांत फॉलिडॉल हे कीटकनाशक सांडून मिसळले. शंभराहून अधिक माणसे ते अन्न खाऊन मेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शहा यांनी चौकशी केली. कायदा व्हावयास मात्र दहा वर्षे लागली. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्या नियमांत औषध हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वासाचे साधन, प्रशिक्षण या सर्वांची तरतूद आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो हमालांच्या दीर्घ लढ्याचे फळ होता. पण औषध मारणारा मजूर बहुधा कंत्राटदाराचा. तो माथाडी मंडळाच्या दप्तरात नाही आणि वैद्याच्या दप्तरातही नाही.

आम्ही एकच अनुभव सांगतो. एका मोठ्या गोदामात, नाव सांगण्याचे कारण नाही, एका वयस्क हमालाने थप्पीच्या मधल्या रांगेतले पोते उचलताना ते गरम असल्याचे मुकादमाला सांगितले. कीड दाटली म्हणजे तिच्या श्वासाने धान्य तापते आणि ओल सुटते, हे त्याला पुस्तकाविना कळत होते. 'पंधरवड्याची तपासणी परवाच झाली, वहीत शेरा स्वच्छ आहे,' असे उत्तर मिळाले. तपासणीत परखी फक्त बाहेरच्या पोत्यांत खुपसली गेली होती. तीन आठवड्यांनी थप्पी उघडली तेव्हा मधल्या पोत्यांत पीठ आणि जाळी होती. पुढे घाईने धुरी द्यावी लागली, दोघा मजुरांना उलट्या होऊन दवाखान्यात न्यावे लागले आणि त्या दोन दिवसांची त्यांची मजुरी कापली गेली. संघटनेने भांडून ती परत मिळविली. कुजलेले धान्य परत मिळविणे कोणाच्या हातात नव्हते.

कीड शोधण्याची साधने आज नाहीत असे नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कॅन्सस येथे क्ष-किरणांनी दाण्यातली अळी पाहण्याची रीत निघाली. अॅसिड फुक्सिनच्या रंगाने सोंड्याने बुजविलेली भोके तांबडी दिसतात. दाण्यातल्या अळीचे चावणे ऐकणारी यंत्रे झाली. यांहून आपल्या कामाची आहे ती तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तयार केलेली साधी, छिद्रांची नळी. ती धान्यात खोचून ठेवावी. भटकणारे किडे छिद्रांतून आत पडतात आणि खालच्या भांड्यात साठतात. रोज एकदा भांडे पाहिले की चाळणीला कीड दिसण्याच्या आधीच इशारा मिळतो. अशी नळी घरच्या कोठीतही चालते. मात्र फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही आणू नयेत. झोपण्याच्या खोलीजवळ ठेवलेल्या धान्यातील त्या गोळ्यांनी माणसे मेली आहेत.

साधने स्वस्त असोत की महाग, रोज पाहणारा माणूस त्यांना लागतोच. म्हणून आमच्या मागण्या धान्य राखण्याच्याच मागण्या आहेत, असा आमचा दावा आहे. पोते पन्नास किलोचे असावे, ही हमालाची जुनी मागणी त्याच्या पाठीसाठी होती. पण शंभर किलोचे पोते हुकाशिवाय हलत नाही, हुकाने बारदान फाटते आणि फाटक्या बारदानातून कीड आत जाते व दाणे बाहेर सांडतात; पाठ वाचली तर पोतेही वाचते. रिकामे बारदान झटकणे, भेगा बुजविणे, सांडलेले धान्य झाडून काढणे या कामांना मजुरीचा वेगळा दर असावा. फुकटचे काम कोणी मन लावून करीत नाही, आणि खपरा वाढतो तो नेमका न झाडलेल्या कोपऱ्यात. गरम पोते सापडल्याचे हमालाने सांगितले तर ते वहीत त्याच्या नावाने लिहिले जावे आणि ती थप्पी त्याच दिवशी तपासली जावी. धुरीचे आच्छादन मुदतीआधी ओढण्यास नकार देण्याचा अधिकार ते ओढणाऱ्या मजुराला असावा. आणि १९७१ च्या नियमांतला मुखवटा कागदावरून त्याच्या तोंडावर यावा.

या पाच गोष्टींत नवे यंत्र एकही नाही. पेवाच्या तोंडाशी कंदील धरून उभ्या असलेल्या माणसाला "उतरू नका" म्हणण्याचा अधिकार होता आणि गाव तो मानीत असे. तेवढाच अधिकार आम्ही कोठारातल्या माणसासाठी मागतो. श्रोत्यांपैकी जे बाजार समित्यांवर, सहकारी संस्थांत, वखारींच्या कारभारात आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा आपल्या गोदामात जावे, मधल्या थप्पीतले एखादे पोते काढवून त्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा, आणि ते पोते ज्याने काढून दिले त्याला काय दिसते ते विचारावे, अशी आमची विनंती आहे.